कॅन कोरडा, व्हॉल्व्ह काळे: चोडणच्या एका गाडीचं प्रकरण

चोडण बेटावरून आमच्या डिचोलीच्या गॅरेजात आलेली ही गाडी. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, थेट इंजेक्शन, मीटरवर ४१ हजार किलोमीटर. मालकीणबाई पणजीत बँकेत नोकरीला. तक्रार एवढीच, की सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की गाडी थरथरते, मिसिंग करते आणि मिनिटभरात सावरते. पाऊस लागल्यापासून चेक इंजिनचा दिवाही मधूनमधून लागत होता. आधी एके ठिकाणी प्लग बदलून झाले होते, फरक पडला नव्हता.

बॉनेट उघडलं तर आत निळा अ‍ॅल्युमिनियमचा ऑइल कॅच कॅन, म्हणजे पाइपातून जाणारं ऑइल अडवून साठवणारा डबा, आधीच बसवलेला. इंटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसू नये म्हणून त्यांच्या भावाने तो बाहेरून बसवून घेतला होता. ताई म्हणाल्या, "दादा, तो डबा मी अधूनमधून उघडून बघते. कधी थेंबभर ऑइल सापडत नाही. म्हणजे आत सगळं स्वच्छच असणार ना?"

हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते या कोरड्या कॅनमुळे. थेट इंजेक्शनच्या गाड्या वाढल्यापासून कॅच कॅनची विचारणा आमच्याकडेही वाढली आहे, आणि विचारणारा बहुतेक वेळा कोणता कॅन घेऊ, केवढ्याचा घेऊ असंच विचारतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: आपल्या इंजिनातलं ऑइल नेमकं कुठल्या पाइपातून इंटेकमध्ये जातं, आणि आपली गाडी रोज कशी चालते.

गाडीचा दिनक्रम

दुसरी गोष्ट आधी घेतो, कारण चोडणच्या गाडीची रोजची वाट इंजिनाच्या दृष्टीने फार वाईट आहे. घरून निघायचं, दोन-तीन किलोमीटरवर फेरीच्या धक्क्यावर रांगेत उभं राहायचं. रांग पुढे सरकली की स्टार्ट, दोन गाड्यांची जागा पुढे, पुन्हा बंद. पावसात काचा धुरकटतात म्हणून बरेचदा एसी लावून इंजिन चालूच. मग फेरीबोटीवर इंजिन बंद, मांडवी ओलांडून रायबंदरला उतरायचं, आणि पोंते द लिन्यारिशच्या जुन्या बांधावरून पणजी. तिथवर इंजिनाचं पाणी गरम होतं, काटा मधोमध येतो, पण ऑइल पाण्यापेक्षा उशिरा तापतं. ते पुरतं तापायच्या आत ऑफिस आलेलं असतं. संध्याकाळी हाच प्रवास उलटा.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, आणि ते थोडंथोडकं नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी बनतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या क्रँक फिरतो त्या खालच्या भागात, उतरतोच. हाच ब्लो-बाय. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं, आम्लं असतात, आणि खाली क्रँक फिरताना उडणारे ऑइलचे बारीक तुषार त्यात मिसळतात. ऑइल नीट तापलं तर पाणी आणि पेट्रोल त्यातून उडून जातं. तापलंच नाही तर ते तिथेच मुरतं. या गाडीत ऑइल भरायचं झाकण काढलं, तर आतून ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट थर. हा थर दिसला की अनेकजण हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. आम्ही कूलंट तपासलं, पातळी बरोबर होती, प्रेशर टिकत होतं. गॅस्केट शाबूत होतं.

हा वायू क्रँककेसमध्ये कोंडून ठेवता येत नाही, सील फुटतील. आमचं गॅरेज खाणीच्या ट्रकांवर वाढलं. त्या जुन्या डिझेल इंजिनांना ब्रीदरची नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, आणि ट्रक उभा राहिला की जमिनीवर ऑइलचा डाग पडायचा. पेट्रोल गाड्यांतही पूर्वी हेच होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, पहिल्यांदा कॅलिफोर्नियात, हा वायू परत इंटेकमध्ये ओढून जाळायची पद्धत आली. तीच पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन). हवेसाठी ती चांगलीच गोष्ट झाली. फक्त ऑइलचे तुषार रस्त्यावर पडायचे ते आता इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या भागात, जाऊ लागले.

जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत त्याने फार बिघडायचं नाही. तिथे इंजेक्टर व्हॉल्व्हच्या पाठीवरच पेट्रोल फवारतो, आणि पेट्रोलमधली स्वच्छ करणारी रसायनं व्हॉल्व्ह धुऊन काढतात. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरच्या आत जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला ते शिवतच नाही. तिथे तेलकट वाफ येते, गरम धातूवर चिकटते, करपते, आणि त्यावर पुढचा थर बसतो. पंपावर मिळणाऱ्या अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या टाकीत ओतून हे व्हॉल्व्ह साफ होत नाहीत, त्याचं कारण हेच. इंजेक्टरच्या टोकाला त्यांचा उपयोग होऊ शकतो, व्हॉल्व्हपर्यंत त्या पोचतच नाहीत. टोयोटाच्या डी-४एस पद्धतीत दोन्ही ठिकाणी इंजेक्टर असतात, त्याचा एक फायदा व्हॉल्व्ह धुतले जाण्याचा आहे.

तपासणी

स्कॅनरवर दोन कोड होते: पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला मिसफायर, आणि पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला. दुसऱ्याची इग्निशन कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावून रात्रभर गाडी ठेवली. सकाळी मिसफायर तरीही दोन नंबरच्या सिलिंडरवरच. म्हणजे कॉइल निर्दोष. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं, लीकडाउनमध्येही (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती बघायची चाचणी) काही वावगं नाही. ही तपासणी आम्ही कधीच टाळत नाही. रिंगाच घासल्या असतील तर ब्लो-बाय वाढलेला असतो, आणि तिथे कॅन लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

मग मॅनिफोल्ड उतरवला. प्रत्येक सिलिंडरला दोन इंटेक व्हॉल्व्ह, एकूण सहा. सहाही काळे. व्हॉल्व्हची दांडी जिथे रुंदावून पाकळीला मिळते तिथे कडक, खडबडीत खपली, आणि तिच्यावर ओलसर तेलकट थर. दुसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हवर ती इतकी जाड, की दांडीची मूळ गोलाई ओळखू येईना. अशा खपल्यांनी हवेचा प्रवाह बिघडतो, तिन्ही सिलिंडरना सारखी हवा जात नाही, आणि थंड इंजिनात तो फरक सगळ्यात जास्त जाणवतो. गाडी तापली की जाणवेनासा होतो. तक्रार बरोबर जुळत होती.

आता कॅनकडे वळलो. टर्बो पेट्रोल इंजिनात क्रँककेसचा वायू बाहेर पडायला दोन वाटा असतात. एक वाट पीसीव्ही व्हॉल्व्हमधून थेट इंटेक मॅनिफोल्डमध्ये. आयडलिंगला आणि हलक्या पायाने चालवताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू या वाटेने ओढला जातो. दुसरी वाट हेड कव्हरवरून टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपात. टर्बोने बूस्ट दिला, म्हणजे हवा दाबून भरली, की मॅनिफोल्डमध्ये दाब येतो, पीसीव्हीतला एकमार्गी व्हॉल्व्ह बंद होतो, आणि मग वायू या दुसऱ्या वाटेने जातो. बूस्ट नसताना मात्र हीच दुसरी वाट उलटी चालते: फिल्टरमधून आलेली ताजी हवा तिथून क्रँककेसच्या आत जाते.

तो कॅन या दुसऱ्या वाटेवर बसवलेला होता. का, ते बॉनेट उघडल्यावर लगेच कळतं. तो पाइप वरच, समोर, हाताशी आहे. मॅनिफोल्डकडे जाणारा पीसीव्हीचा पाइप खाली, मॅनिफोल्डच्या पोटाखाली, हात घालायलाही अडचणीचा. फेरीच्या रांगेत आणि रायबंदरच्या रस्त्यावर ताईंची गाडी बूस्टमध्ये जाते तरी किती? दिवसातला बराच वेळ त्या कॅनमधून ताजी कोरडी हवा आत जात होती. तो कोरडा राहणारच.

याची शहानिशा कुठल्याही गॅरेजात करता येईल अशी आहे. दोन्ही पाइप काढायचे, काडीला पांढरं सुती फडकं गुंडाळायचं आणि आतून फिरवायचं. वरच्या पाइपातून फडकं जवळपास स्वच्छ बाहेर आलं, नुसती पिवळट झाक. खालच्या पाइपातून काढलं ते काळपट तपकिरी, ओलं, पेट्रोलचा वास मारणारं. कॅन घेण्याआधी प्रत्येकाने एवढं तरी करून बघावं, असं मी मनापासून सांगतो. कॅन कितीही महागाचा असला तरी ज्या पाइपात बसवला त्याच पाइपातलं ऑइल तो धरणार.

तो निळा कॅन आम्ही उघडूनही बघितला. आत रिकामा डबा, एका अंगाने वायू आत आणि दुसऱ्या अंगाने बाहेर, मध्ये अडसर नाही, जाळी नाही. ऑइलचे तुषार वेगळे व्हायला वायूचा वेग कमी व्हावा लागतो, त्याला वळणं घ्यावी लागतात, आणि थंड पृष्ठभागावर आपटावं लागतं. रिकाम्या डब्यात मोठे थेंब तेवढे खाली पडतील, धुक्यासारखे बारीक तुषार तसेच पुढे निघून जातील.

काम

आधी सफाई. कॅन पुढचं साचणं कमी करतो, बसलेली खपली तो काढत नाही. ती हाताने काढावी लागते किंवा अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या दाबाने मारून. आम्ही हाताने केली. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायचं, ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे दोन्ही इंटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाले याची टॉर्चने खात्री करायची, मगच त्या पोर्टमध्ये कार्बन क्लीनर भरायचा. तो मुरू द्यायचा, पितळी आणि नायलॉनच्या ब्रशने घासायचं, ओलं शोषणाऱ्या व्हॅक्यूमने गाळ ओढून काढायचा, पुन्हा भरायचा. उरलेल्या पोर्टांची तोंडं त्या वेळी बंद ठेवायची, खपलीचा एक तुकडाही आत जाता कामा नये. जुलैचे दिवस होते, कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, म्हणून हवा मारण्याआधी दर वेळी टाकीचा ड्रेन सोडायचा. शेवटी प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं, कुठे क्लीनर झिरपून सिलिंडरमध्ये उतरला असेल तर तो बाहेर यावा म्हणून. थ्रॉटलमधून स्प्रे मारून दहा मिनिटांत सफाई करून देणारेही आहेत. टर्बो गाडीत मी ते करत नाही. सुटलेला कडक तुकडा टर्बाइनच्या पात्यांतूनच बाहेर जाणार असतो.

नवा कॅन घेतला तो आत अडसर आणि स्टीलची जाळी असलेला, खाली ड्रेनचा कॉक असलेला. बसवला पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये, टर्बोच्या उष्णतेपासून लांब, समोरच्या बाजूला वारा लागेल असा. पाइप मूळ पाइपाएवढ्याच आतल्या व्यासाचे, ऑइलला टिकणाऱ्या रबराचे. साधा पाण्याचा पाइप ऑइलच्या वाफेने फुगतो आणि आतल्या आत मिटतो. पाइपांना उतार कॅनकडे दिला. मध्ये झोळ राहिला तर तिथेच पाणी साचून वाट अडते.

एक बारकावा बऱ्याच ठिकाणी सुटतो. या जागी कॅन बसवला की बूस्टच्या वेळी मॅनिफोल्डमधला दाब कॅनमध्ये शिरतो, कारण मूळ एकमार्गी व्हॉल्व्ह कॅनच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला राहतो. तकलादू कॅनचं झाकण गळायला लागतं, क्लॅम्प सैल असेल तर पाइप निसटतो. म्हणून कॅन आणि मॅनिफोल्डच्या मध्ये आणखी एक एकमार्गी व्हॉल्व्ह टाकला. वरच्या वाटेवरचा जुना कॅन काढून तिथे कंपनीचा मूळ पाइप परत लावला. त्या वाटेवरही कॅन ठेवावा का, असा प्रश्न येतो. महामार्गावर जोरात चालणाऱ्या, घाट चढणाऱ्या गाडीला मी ठेवला असता. इथे पाइप कोरडा होता.

कॅनच्या वर छोटा फिल्टर लावून वायू हवेत सोडून द्यायची पद्धतही काहीजण वापरतात. ती आम्ही करत नाही. भारत स्टेज या प्रदूषण नियमांच्या चाचण्यांत क्रँककेसमधून काहीही वातावरणात जाऊ नये अशी स्वतंत्र अट आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, आणि शिवाय तो वायू एसीच्या वाटेने गाडीतल्या माणसांच्याच नाकात येतो. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर बंद पद्धतीचा कॅन लावण्याआधीही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावं. या गाडीची वॉरंटी संपलेली होती.

सगळं बसवल्यावर दोन गोष्टी तपासल्या. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गळती. आणि डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप जोडून, त्याला यू आकारात वळवून, आत रंगीत पाणी भरून क्रँककेसचा दाब. आयडलिंगला पाणी इंजिनाच्या बाजूला थोडं वर ओढलेलं राहिलं, म्हणजे हलका व्हॅक्यूम, जसा हवा तसा. ते उलट ढकललं जायला लागलं तर समजायचं की कॅनची वाट तुंबली आहे, आणि मग ऑइल सील गळायला वेळ लागत नाही.

याबरोबर ताईंना दोन गोष्टी सांगितल्या. ऑइल वर्षातून एकदा बदललं जायचं, कारण किलोमीटर कमी. आता ते दर सहा महिन्यांनी, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच, पण कमी उडणारं. ऑइल २५० अंश सेल्सिअसला एक तास तापवून त्याचे किती टक्के उडून जातात हे नोआक चाचणीत मोजतात. ऑइलच्या प्रती ठरवणाऱ्या संस्थांपैकी आयएलसॅकच्या जीएफ-६ प्रतीला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, युरोपातल्या एसीईएच्या सी३ ला १३ टक्क्यांची. दोन ऑइलं कंपनीच्या अटीत बसत असतील, तर कमी आकड्याचं घ्यावं. दुसरी गोष्ट, रविवारी फेरीबोटीकडे न जाता मयेवरून डिचोली, साखळी, वाळपई अशी लांब चक्कर मारायची, ऑइल चांगलं तापेपर्यंत.

पुढे काय झालं

सकाळचं मिसिंग सफाईनंतर लगेच थांबलं. त्याचं श्रेय कॅनला नाही.

कॅनने काय केलं ते पावसात दिसलं. कॉक सोडला की पातळ, दुधी तपकिरी द्रव यायचा, पेट्रोलच्या उग्र वासाचा. आम्ही तो काचेच्या बाटलीत भरून फळीवर ठेवायला लागलो. काही दिवसांत खाली पाण्याचा थर वेगळा व्हायचा आणि वर काळपट ऑइल. पावसाच्या महिन्यांत बाटलीत पाणीच जास्त असायचं. डिसेंबरनंतर प्रमाण बरंच कमी झालं, आणि जे आलं ते दाट आणि काळं. ताई हे पाहून हबकल्या: "एवढं सगळं माझ्या इंजिनात जात होतं?" त्यांना तेव्हाच सांगितलं, बाटली भरलेली दिसते त्यातला मोठा भाग पाणी आणि पेट्रोल आहे. ते इंटेकमध्ये गेलं असतं तरी सिलिंडरमधून निघून गेलं असतं. व्हॉल्व्हवर चिकटतो तो वरचा ऑइलचा थर, आणि तोही सगळाच्या सगळा चिकटत नाही. कॅनमधल्या गाळाचे फोटो दाखवून कॅन विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत. पावसात मात्र कॉक दर दोन आठवड्यांनी सोडावा लागतो. भरलेला कॅन एखाद्या जोराच्या ओढीत सगळं एकदम इंटेकमध्ये ओतू शकतो. निघालेला द्रव घरच्या गटारात किंवा खाजनात (खाडीकाठच्या शेतजमिनीत) ओतायचा नाही, गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या बॅरलमध्ये आणून टाकायचा.

पुढच्या पावसाळ्याआधी, ताईंच्या संमतीने, मॅनिफोल्ड पुन्हा उतरवला. मधल्या काळात गाडी ९ हजार किलोमीटरच्या आसपास चालली होती. दांड्यांवर पातळ तपकिरी चकाकता थर होता, बोटाने पुसला जाणारा. खपली कुठेच नव्हती. व्हॉल्व्ह कोरेकरकरीत असतील अशी माझी अपेक्षाही नव्हती. व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमधून थोडं ऑइल उतरतंच, आणि व्हॉल्व्ह उघडझाप होताना जळलेला वायूही क्षणभर मागे येतो. त्यांच्या वाटेत कुठलाच कॅन येत नाही.

यातला किती फरक कॅनचा, किती लवकर बदललेल्या ऑइलचा आणि किती रविवारच्या वाळपईच्या चकरेचा, हे वेगळं काढता येत नाही, कारण तिन्ही बदल एकदमच केले. मालकाचं काम आणि पैसे यांचा विचार करता ते एकदम करणंच योग्य होतं. मला विचाराल तर या गाडीत ऑइल आणि रविवारची चक्कर यांचा वाटा कॅनपेक्षा कमी नसावा. झाकणाखालचा पांढरा थर बाकीच्या महिन्यांत गेला, पावसात हलकासा येतो.

ताईंची बदली काणकोणला होण्याचं घाटतंय. तसं झालं तर मुक्काम मडगावला हलवून रोज करमल घाट चढायचा त्यांचा विचार आहे. मग इंजिन रोज पुरतं तापेल, पाणी साचणार नाही, पण चढावर बूस्टही रोज लागेल आणि वायू वरच्या पाइपाने जायला लागेल. तेव्हा तो पाइप काढून त्यात पुन्हा पांढरं फडकं फिरवायचं, आणि ते ओलं आलं तर त्या वाटेवर जाळीचा दुसरा कॅन बसवायचा, असं आमचं ठरलं आहे.